पऱ्हाटीच्या दोन फांद्यांमधलं अंतर: वाढरोधक मारावं का, बी राखावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. यवतमाळकडची भारी काळी जमीन, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तीन बाय एक फुटावर डोबलेलं बीजी-२ (बोंडअळीविरोधी बीटी) संकरित बियाणं, पीक आज साधारण सत्तर दिवसांचं. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) छातीला लागली आहे, फांद्या लांब लांब अंतरावर आहेत आणि पाती (फुलांच्या कळ्या) गळताहेत. शेजाऱ्याची पऱ्हाटी त्याच पावसावरची, कमरेच्या थोडी वर, पण बोंडं जास्त. कृषी केंद्रवाला वाढरोधकाचा डबा पुढे करतोय. शिवाय अर्ध्या एकरात तुम्ही सुरज हा सरळ (संकरित नसलेला) वाण लावला आहे, आणि त्यातल्या जवळजवळ फांद्यांच्या झाडांचं बी राखलं तर पुढच्या वर्षी सगळं शेत तसंच येईल का, असं विचारताय.

दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन फांद्यांमधलं अंतर बी ठरवतं की शेत? शेत ठरवत असेल तर फवारणीचा, खताचा काहीतरी उपयोग आहे, पण बी राखून फायदा नाही. बी ठरवत असेल तर उलट. खरं उत्तर मधलं आहे, आणि त्या मधल्या उत्तरामुळेच कापसात बरेच घोळ झाले आहेत.

तुमचं शेत मी पाहिलेलं नाही. जमिनीची खोली, युरिया कधी आणि किती पडला, ऑगस्टमध्ये किती दिवस सूर्य दिसला, तुडतुडे आणि बोंडअळीनं किती पाती नेली, यावर खालचं बरंच काही अवलंबून आहे. म्हणून थेट 'मारा' किंवा 'मारू नका' न सांगता मी कसा निर्णय घेतो ते सांगतो. मोजायला टेप आणि सकाळचा अर्धा तास पुरतो.

आधी झाडाची रचना. खोडावर जिथून पान फुटतं ते पेरं, आणि दोन पेऱ्यांमधला तुकडा म्हणजे कांडी. प्रत्येक पेऱ्यावर एक पान आणि पानाच्या बगलेत डोळा असतो. खालच्या चार-पाच पेऱ्यांवरून निघाली तर गळफांदी निघते. ती खोडासारखीच सरळ वर जाते, स्वतः बोंड धरत नाही, तिच्या उपफांद्या धरतात. साधारण पाचव्या ते आठव्या पेऱ्यापासून फळफांदी सुरू होते. ती हातात धरून पाहा, नागमोडी असते. तिचं प्रत्येक कांडं एका पात्यावर संपतं आणि पुढचं कांडं त्याच्या बगलेतल्या नव्या डोळ्यातून वाट काढतं, म्हणून प्रत्येक वळणावर एक पान आणि एक पातं.

कपाशीचं वेळापत्रक मोठं शिस्तीचं आहे. मुख्य खोडावर साधारण दर तीन दिवसांनी नवं पेरं येतं, एकाच फळफांदीवरचं पुढचं पातं सहा दिवसांनी येतं. आज आठव्या फांदीवर खोडालगतचं पहिलं फूल उमललं, तर तीन दिवसांनी नवव्या फांदीवरचं पहिलं उमलेल, आणि सहाव्या दिवशी दहाव्या फांदीवरचं पहिलं व आठव्या फांदीवरचं दुसरं एकाच सकाळी उमलेल. चार झाडांवर दोरा बांधून ठेवा, तुम्हालाच दिसेल.

इथेच खरी मेख आहे. पेरी किती होतील हे मुख्यतः दिवस आणि उष्णता ठरवतात. कांडी किती लांब होईल हे पाणी, नत्र, उजेड आणि झाडावरचा बोंडांचा भार ठरवतो. म्हणजे उंच झाडाला फांद्या जास्त असतात असं नाही. सत्तर दिवसांत तुमच्याकडे आणि शेजाऱ्याकडे साधारण १८-१८ पेरी झाली असतील. तुमची छातीएवढी पऱ्हाटी १२५ सेंमी धरली तर कांडीची सरासरी ७ सेंमी. त्याची ९० सेंमी धरली तर ५. फळफांद्या दोघांच्याही तेवढ्याच, तुमच्या झाडानं वरचे ३५ सेंमी नुसतं खोड लांबवण्यात घातले.

सरासरीवर मात्र थांबू नका. खोड ही त्या हंगामाची वही असते. एक झाड उपटा, पानं काढा आणि खालून वर कांड्या बघत जा. जुलैच्या सुरुवातीला पावसानं ताण दिला असेल तर तिथल्या कांड्या बोटाच्या एका पेराएवढ्या आखूड सापडतील. पुढे युरिया दिला आणि पाठोपाठ झड लागली असेल तर तिथून एकदम लांब कांड्या सुरू होतात. कांडी एकदा पक्की झाली की ती पुन्हा आखूड होत नाही, त्यामुळे खालच्या कांड्या झालेलं सांगतात आणि वरच्या पाच कांड्या काय चाललं आहे ते सांगतात. फवारणीचा निर्णय त्या वरच्या पाचांवरच करायचा.

मोजायची रीत अशी. शेंड्याचं जे सगळ्यात वरचं पान पूर्ण उलगडून रुपयाच्या नाण्याएवढं झालं आहे, त्याचं पेरं पहिलं धरा. तिथून खाली सहावं पेरं शोधा आणि देठाच्या बुडापासून देठाच्या बुडापर्यंत टेप लावा. आलेल्या अंतराला पाचनं भागा. धुऱ्यावरची, पाणी साचलेल्या जागेतली आणि नांग्याशेजारची (बी न उगवलेल्या जागेशेजारची) झाडं सोडून शेताच्या पोटातली दहा झाडं घ्या. माझा आडाखा असा: ४-५ सेंमी आलं तर वाढ ताब्यात आहे. ६ च्या वर गेलं आणि जमिनीत भरपूर ओल असेल तर पऱ्हाटी माजायला लागली आहे. साडेतीनच्या खाली आलं तर झाड उपाशी किंवा तहानलेलं आहे, त्याला रोखायची नाही, सांभाळायची गरज आहे. हे आकडे कोरडवाहू मध्यम-भारी जमिनीचे आहेत. ठिबकवर किंवा नदीकाठच्या मळईवर मी थोडी जास्त मोकळीक देतो.

आता पऱ्हाटी का माजते ते पाहू. पहिलं कारण पाणी आणि नत्र एकदम मिळणं, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं उजेड. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश परत फेकतं. शेजारच्या झाडावरून आलेला असा प्रकाश पऱ्हाटीला कळतो, सावली प्रत्यक्ष अंगावर पडायच्या आधीच. शेजारी आला हे कळताच ती कांड्या लांबवते आणि गळफांद्या कमी करते. जंगलात हा शहाणपणा आहे, शेतात तो आपल्याला नडतो, कारण सगळीच झाडं एकाच वेळी तेच करतात आणि उजेड कोणालाच जास्त मिळत नाही.

तिसरं कारण सगळ्यात दुर्लक्षित: बोंडांचा भार. वाढणारं बोंड झाडाचं अन्न ओढून घेतं, शेंड्याला कमी उरतं, आणि कांड्या आपोआप आखूड होत जातात. पाती गळली की तो लगाम सुटतो. ढगाळ आठवडा, सुरुवातीची अळी किंवा दोन दिवस पाण्यात उभी राहिलेली मुळं यांनी खोडालगतची पाती गेली की ते अन्न शेंड्याकडे वळतं. मग कांड्या लांबतात, वरची पानं खालच्या फळफांद्यांना झाकतात, सावलीतली पाती आणखी गळतात. हे चक्र एकदा सुरू झालं की शेतकरी म्हणतो पऱ्हाटी माजली म्हणून पाती गळाली. अनेकदा ते उलटं असतं, पाती गळाली म्हणून पऱ्हाटी माजलेली असते.

तुमच्याकडे कोणतं आहे ते तपासता येतं. दहा झाडांवर फक्त खोडालगतची पहिली जागा बघा, प्रत्येक फळफांदीची. तिथं पातं, फूल किंवा बोंड आहे, की नुसता गळाल्याचा वण आहे? त्या वणावर बोट फिरवलं तर लहानशी, वाळलेली गोल खूण लागते. ही पहिली जागा कापसाच्या उत्पन्नाचा कणा आहे. तिथलं बोंड लवकर येतं, वजनदार असतं आणि टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. दहापैकी सात-आठ फांद्यांवर पहिली जागा भरलेली असेल तर उंचीची फार चिंता करू नका, येत्या दोन आठवड्यांत बोंडंच झाडाला आवर घालतील. निम्म्याहून जास्त वण असतील तर मात्र झाड स्वतःहून थांबणार नाही.

अजून एक मोजणी करा. त्या दिवशी उमललेलं फूल पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. खोडालगतच्या जागेवरचं सगळ्यात वरचं पांढरं फूल शोधा आणि त्याच्या वर शेंड्यापर्यंत किती पेरी आहेत ते मोजा. फुलोऱ्याच्या सुरुवातीला आठ-दहा असतात. पाचवर आली की झाडानं वाढ आटोपती घेतली असं समजायचं, मग वाढरोधकाचे पैसे वाया. सत्तर दिवसांना तुमच्याकडे अजून आठ-नऊ पेरी वर असतील आणि वरच्या पाच कांड्या ६ सेंमीच्या पुढे असतील, तर फवारणीला अर्थ आहे.

ती फवारणी नेमकं काय करते तेही सांगतो, कारण डबा विकणारा ते सांगत नाही. वाढरोधकातलं औषध, मेपिक्वाट क्लोराईड, झाडातल्या जिबरेलिन नावाच्या संप्रेरकाचं उत्पादन दाबतं. कांडीच्या पेशी लांबवायचं काम या जिबरेलिनचं. ते कमी झालं की पुढे येणाऱ्या कांड्या आखूड होतात, पानं लहान पण जाड आणि गडद हिरवी होतात. आधीच लांबलेल्या कांड्यांवर परिणाम शून्य. पेऱ्यांची संख्याही फारशी बदलत नाही. ते बोंडं 'लावत' नाही. फायदा होतो तो आडून: मधल्या फांद्यांना उजेड पोचतो, अन्न शेंड्याऐवजी पात्यांकडे जातं, हवा खेळते. म्हणून ते पाती लागल्यापासून फुलोऱ्याच्या सुरुवातीपर्यंत, थोड्या मात्रेनं आणि गरजेप्रमाणे परत, असं दिलेलं बरं. छातीएवढं झाल्यावर एकदम जड मात्रा मारणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं. मात्रा लेबलवर असते तीच घ्या, 'थोडं जास्त टाका' हा सल्ला ऐकू नका. आणि पावसानं ओढ दिली असेल, दुपारी पानं माना टाकत असतील, तर डब्याला हातही लावू नका. ताणातल्या पऱ्हाटीला रोखलं की ती तिथंच बसते, आणि पुढे पाऊस आला तरी उठत नाही.

शेंडा खुडण्याचंही विचारलंय. मराठवाड्यात दादा लाड तंत्र म्हणून जे पसरलं, त्यात लवकर गळफांद्या काढणं आणि पुढे शेंडा खुडणं या दोन गोष्टी मुख्य आहेत. त्यामागचा विचार बरोबर आहे, पण वेळ चुकली की हात रिकामे. गळफांद्या काढायची वेळ ३५ ते ४५ दिवसांची, अंगठ्यानं मोडतील तेव्हा. सत्तर दिवसांना त्या बोटाएवढ्या जाड झालेल्या असतात, त्यांच्यावरही पाती असतात. आता काढू नका. शेंड्याचा हिशोब मागून करायचा. फुलाचं बोंड होऊन फुटायला पन्नास दिवस तर लागतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गारव्यात साठच्या जवळ जातात. गुलाबी बोंडअळीमुळे डिसेंबरात शेत मोकळं करायचं असेल तर १० ऑक्टोबरनंतरच्या फुलाचा कोरडवाहूत भरवसा नाही. पात्याचं फूल व्हायला तीन आठवडे लागतात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर दिसणारं पातं तुमच्या कामाचं नाही. तुमच्याकडे १४-१५ फळफांद्या पूर्ण झाल्या की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेंडा खुडा. फक्त वरचा कोवळा इंचभर, चार पानं घेऊन नाही. भरपूर ओल असेल तर खुडल्यावर बगलेतून नवे फुटवे येतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. मजूर मिळत नसतील तर वाढरोधक, मिळत असतील तर शेंडा. दोन्ही एकदम करायची सहसा गरज पडत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: वरच्या पाच कांड्या, पहिल्या जागेवरची धारणा आणि पांढऱ्या फुलावरची पेरी, या तीन मोजण्या करा आणि मग डब्याचं ठरवा. आता दाटीकडे येऊ, कारण बियाण्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथून जातं.

९० बाय ६० सेंमी आणि १२० बाय ४५ सेंमी या दोन्ही लागवडींत झाडं हेक्टरी १८,५१८ च बसतात. पण झाडाचा आकार वेगळा होतो. १२० वर ओळीत झाडं लवकर भिडतात आणि दोन तासांच्या (ओळींच्या) मधल्या मोकळ्या जागेकडे फांद्या पसरतात. ९० बाय ३० वर ३७ हजार, ९० बाय १५ वर ७४ हजार, आणि ६० बाय १० वर १ लाख ६६ हजार. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं हलक्या जमिनीसाठी ६० बाय १० ची सघन लागवड पुढे आणली, तीत तुमचा सुरज होता, अकोल्याच्या विद्यापीठाचा पीकेव्ही ०८१ होता, नांदेडचा एनएच ६१५ होता. त्या दाटीत झाडावर सात-आठ बोंडं लागली तरी पुरतात, आणि ती बहुतेक पहिल्या-दुसऱ्या जागेवरची असतात. एका वेळी फुटतात, दीडशे दिवसांच्या आत रान मोकळं होतं. गळफांदी काढायला मजूर लागत नाही, दाटीच ती दाबते.

पण हीच दाटी पसरट संकरित वाणाला दिली तर? भारी जमिनीत ऑगस्टच्या शेवटी तासात वाकून पाहावं लागतं, कारण उभ्यानं जमीन दिसत नाही. खालची बोंडं सडतात, फवारणी आत पोचत नाही, तुडतुडे खालच्या पानांत निवांत बसतात. आणि उलटही खरं आहे. आखूड कांडीचा, आटोपशीर वाण ९० बाय ६० वर लावला तर ऑक्टोबरातही तासांतली माती उघडी राहते. ऊन जमिनीवर पडून वाया जातं, तण वाढतं, आणि शेतकरी म्हणतो वाण हलका निघाला. वाण हलका नसतो, जोडी चुकलेली असते. म्हणून 'फांद्या जवळ असलेलं झाड चांगलं' हे वाक्य अर्धवट आहे. किती अंतरावर लावलेलं, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आपली पऱ्हाटी इतकी पसरट का, याचं उत्तर बियाण्याच्या थैलीत आहे. एके काळी आपल्याकडे देशी कापूस तिफणीनं पेरत, दाट. १९७० मध्ये सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. संकरित बी म्हणजे प्रत्येक फूल हातानं नपुंसक करून दुसऱ्या दिवशी सकाळी हातानं पराग लावलेलं. ते महाग पडणारच. महाग बी म्हणजे एकरी कमी झाडं, आणि कमी झाडांत शेत भरायचं तर प्रत्येक झाड मोठं, खूप फांद्यांचं, लांब मुदतीचं हवं. पैदासकारांनी तशीच झाडं निवडली. वेचणी हातानं, चार-पाच खेपांत, तेव्हा लांबलेला हंगाम कोणाला खटकला नाही. २००२ मध्ये बीटी आलं तेही संकरित वाणांतूनच. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील इथं सरळ वाण दाट लावतात आणि यंत्रानं वेचतात. त्यांची झाडं आखूड फांद्यांची आहेत ती त्या गरजेतून. आज तीन बाय अर्ध्या फुटावर लावायचं तर एकरी २९ हजार झाडं लागतात, म्हणजे ४७५ ग्रॅमची सहाएक पाकिटं. दोन पाकिटांची सवय असलेल्या माणसाच्या पोटात इथंच गोळा येतो. माझं स्पष्ट मत असं की आपल्या कोरडवाहू भागाला स्वस्त, सरळ, आटोपशीर वाणांची गरज जास्त आहे, आणि म्हणूनच तुमचा अर्धा एकर सुरज मला दोन एकर संकरितापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

संकरिताचं बी राखू नका. पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे सगळे गुण फुटून निघतात, एक झाड गुडघ्याला, शेजारचं डोक्याला. त्यात निवड करून वाण स्थिर करणं हे बऱ्याच पिढ्यांचं काम आहे. सुरजचं मात्र राखा. आता त्यात काय निवडायचं ते पाहू.

निवडीत फसवणारी झाडं तीन ठिकाणी असतात: धुऱ्याला, नांग्याशेजारी आणि शेणखताचा ढीग होता त्या जागी. तिथं बोंडं लगडलेली दिसतात, कारण त्या झाडाला जागा आणि खाऊ जास्त मिळाला आहे. तो गुण बियात उतरत नाही. चारही बाजूंना शेजारी शाबूत आहेत असंच झाड धरा. आणि ज्या दाटीत पुढे पीक लावणार आहात त्याच दाटीत निवड करा. मोकळ्यावर निवडलेलं झाड बहुतेक वेळा पसरणारं निघतं, कारण मोकळ्यावर पसरणाराच जिंकतो. तेच बी दाट लावलं की ते शेजाऱ्याशी भांडत कांड्या लांबवतं. आपल्याला हवं आहे ते शेजारी असूनही शांत राहणारं झाड, आणि ते शेजारी असल्याशिवाय ओळखता येत नाही. तुमचा सुरज ६० सेंमीच्या तासांत असेल तर उत्तम. ९० बाय ६० वर असेल तर यंदा निवड करण्यात फार अर्थ नाही, नुसतं शुद्ध बी राखा आणि निवड पुढच्या वर्षी दाट लावून करा.

झाडात काय बघायचं? पहिली फळफांदी कितव्या पेऱ्यावर आहे, हा गुण मी सगळ्यात आधी पाहतो. ती जितकी खाली, तितकं पीक लवकर. पण फार खाली असली तर पहिलं बोंड मातीला टेकतं आणि सडतं. जमिनीपासून वीतभर वर असावं. मग उंची भागिले पेरी. मग फळफांदीचं पहिलं कांडं, म्हणजे खोडापासून पहिल्या बोंडापर्यंतचं अंतर, कारण आडवा पसारा त्यावर ठरतो. आणि शेवटी पहिल्या जागेवर किती बोंडं टिकली. आखूड कांडी आहे पण जागा रिकाम्या आहेत, असं झाड सरळ सोडा.

एक मोह टाळा. काही झाडांत फळफांदी जवळजवळ नसतेच, बोंडं खोडालाच झुपक्यानं चिकटलेली दिसतात. टोमॅटोच्या बुटक्या, शेंडा थांबणाऱ्या वाणांमागे जे जनुक आहे, त्याच्याच भावकीतल्या जनुकात कपाशीत बदल झाला की असा झुपका येतो. दिसायला फार देखणा. पण पहिल्या जागेवरचं पातं अळीनं नेलं तर त्या फांदीवर भरपाई करायला दुसरी-तिसरी जागाच नसते. आपल्याकडच्या लहरी पावसात थोडी भरपाईची ताकद हवी. झुपक्यापेक्षा आखूड पण दोन-तीन जागांची फांदी मला बरी वाटते. तसंच आटोपशीर झाडात पानांची गर्दी होते, तेव्हा मोठ्या रुंद पानांपेक्षा थोडी लहान पानं असलेलं झाड घ्या. भेंडीसारख्या कातरलेल्या पानांच्या वाणांत बोंडसड कमी राहते ती आत हवा आणि ऊन जातं म्हणूनच. पानाच्या खाली लव आहे ना तेही बोटानं बघा, गुळगुळीत पानावर तुडतुडे तुटून पडतात.

शुद्धतेचं एक. कपाशी मुख्यतः स्वतःच्या परागानं फळते, पण मधमाशा थोडी सरमिसळ करतातच, आणि तुमचं बीजी-२ शेजारीच आहे. प्रमाणित बियाण्याला ३० मीटर आणि पायाभूत बियाण्याला ५० मीटर अंतर ठेवतात, ते तुमच्याकडे बहुधा नसेल. म्हणून निवडलेल्या झाडांवर, दुसऱ्या दिवशी उमलणार अशी कळी संध्याकाळी ओळखा. पाकळ्यांचं टोक बाहेर आलेलं असतं, पण मिटलेलं. त्या टोकाला दोरा बांधा म्हणजे ती उघडणारच नाही आणि आतल्या आत फळेल. देठाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवा, नाहीतर वेचणीला कोणतं बोंड बांधलेलं होतं ते कळत नाही. झाडामागे आठ-दहा बोंडं मिळाली तरी पुढच्या वर्षीच्या ओळीला पुरतात.

आणि ती पुढच्या वर्षीची ओळ हाच तुमच्या मूळ प्रश्नाचा निकाल आहे. प्रत्येक झाडाची सरकी वेगळ्या पुडीत ठेवा, एकत्र करू नका. पुढच्या मृगाला प्रत्येक पुडीची एक ओळ, मध्ये अधूनमधून मूळ सुरजची ओळ, सगळी एकाच दाटीत आणि जमिनीच्या एकाच पट्ट्यात. ज्या झाडाची कांडी बियामुळे आखूड होती, त्याची पूर्ण ओळ मूळ सुरजपेक्षा आखूड दिसेल. जे झाड खाली मुरूम लागल्यामुळे आखूड राहिलं होतं, त्याची ओळ बाकीच्यांसारखीच वाढेल. सुरज हा आधीच स्थिर केलेला वाण आहे, त्यामुळे बहुतेक ओळी सारख्याच निघतील. त्यानं खट्टू होऊ नका. वेगळी निघालीच तर ती बहुधा जुन्या सरमिसळीतून आलेली असेल, आणि तिची रुई कशी आहे ते पाहिल्याशिवाय वाढवू नका. आखूड कांडी मिळाली आणि रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) किंवा धाग्याची लांबी गेली, तर व्यापारी भाव पाडतो.

ज्या दिवशी मोजाल त्या दिवशीचे तीन आकडे इथं टाका: वरच्या पाच कांड्यांची सरासरी, दहा झाडांवर पहिल्या जागेचे किती वण, आणि पांढऱ्या फुलावर किती पेरी. सोबत युरियाच्या तारखा आणि सुरज किती अंतरावर लावला तेही लिहा. तोवर कृषी केंद्राचा डबा दुकानातच राहू द्या.